निळी पट्टी, लाल पट्टी आणि चुडाव्याचा सीपीयू

प्रोसेसरचं परीक्षण हा आता एक ठरलेला लेखनप्रकार झालाय. व्हिडिओ असो की वाचायचा मजकूर, घडण तीच. आधी खोक्याचं दर्शन. मग कोअर किती, थ्रेड किती, कॅश किती, वॅट किती याचा तक्ता. मग चाचणीचं यंत्र कसं लावलं होतं हे सांगणारा एक परिच्छेद, जो बहुतेक जण गाळून पुढे जातात. मग आडव्या पट्ट्या, इंटेलच्या निळ्या आणि एएमडीच्या लाल किंवा केशरी. आणि शेवटी निकाल: ‘वर्थ इट’ की ‘नॉट वर्थ इट’.

मी हा प्रकार अकरावीपासून वाचत आलोय. घरी घ्यायची ऐपत नव्हती तेव्हाही वाचायचो, जसं काही लोक कधीच न पाहिलेल्या कसोटी सामन्यांचे स्कोअरकार्ड वाचतात. त्यामुळे पुढे जी तक्रार करणार आहे ती बाहेरच्या माणसाची नाही.

आधी या प्रकाराचं जे चांगलं आहे ते. चांगला परीक्षक सगळं उघड करतो. रॅम कुठली, ग्राफिक्स कार्ड कुठलं, खोलीचं तापमान किती, चाचणी किती वेळा केली, सरासरी कशी काढली. नुसती सरासरी फ्रेम सांगून थांबत नाही, सगळ्यांत वाईट एक टक्का फ्रेमचा वेगही सांगतो, कारण खेळताना डोळ्याला टोचतो तो तोच. आपल्याकडे पुस्तकाचं परीक्षण लिहिणारा कधी सांगत नाही की शेवटची ऐंशी पानं त्यानं बसमध्ये चाळली. या बाबतीत प्रोसेसरवाले आपल्या समीक्षकांपेक्षा प्रामाणिक आहेत.

या प्रकारातला एक संकेत मात्र नवख्याला नेहमी विचित्र वाटतो. प्रोसेसर तपासताना परीक्षक बाजारातलं सगळ्यांत महाग ग्राफिक्स कार्ड लावतो आणि गेम मात्र साध्या १०८० रेझोल्यूशनवर चालवतो. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० आलं, त्यानंतर बराच काळ बहुतेक तक्ते त्याच कार्डावर काढलेले दिसतात. एवढं कार्ड घेणारा माणूस १०८०वर कशाला खेळेल? त्याचं उत्तर बरोबर आहे. कार्डावर ताण आला तर सगळे प्रोसेसर एकसारखेच दिसतील, कारण सगळेच कार्डाची वाट बघत बसतील. प्रोसेसरमधला फरक दिसायला हवा असेल तर बाकी सगळ्यांची वाट बघणं काढून टाकावं लागतं. ही प्रयोगशाळेची शिस्त आहे आणि ती मला मान्य आहे.

माझं भांडण त्यानंतरच्या पानाशी आहे. वाट बघणं काढून टाकून मोजलेल्या आकड्यावरून निकाल दिला जातो तो अशा माणसासाठी, ज्याचा सगळा वेळ वाट बघण्यातच जातो. पट्टी सांगते की हा प्रोसेसर किती वेगवान आहे. निकाल सांगतो की तू तो घ्यावास का. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि मधला पूल परीक्षक बांधत नाही, नुसता उडी मारतो.

टक्केवारीचंच बघा. एका प्रोसेसरवर गेम १४४ फ्रेमनं चालतो, नव्यावर १७२ फ्रेमनं. जवळजवळ २० टक्के वाढ, पट्टी चांगली बोटभर लांब. आता तेच वेळेत मोजा. १४४ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ६.९ मिलिसेकंद, १७२ म्हणजे ५.८. फरक साधारण एका मिलिसेकंदाचा. स्पर्धेत खेळणाऱ्याला तो कळत असेलही, मी नाही म्हणणार नाही. पण २० टक्के हा शब्द ऐकून डोक्यात जे चित्र येतं ते मिलिसेकंदाचं नसतं. तेच २० टक्के तासाभराच्या रेंडरिंगला लावले तर दहा मिनिटं वाचतात आणि माणूस चहा पिऊन येतो तेवढ्यात काम संपलेलं असतं. टक्का एकच, किंमत वेगळी. पट्टीला ते सांगता येत नाही, आणि तो पट्टीचा दोषही नाही.

आता चुडाव्याला येतो, कारण हा सगळा विचार मला तिथं बसून करावा लागला.

चुडावा परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं गाव. पूर्णा ते नांदेड रेल्वेमार्गावरचं स्टेशन. माझे आतेभाऊ तिथं ऑनलाइन फॉर्मचं केंद्र चालवतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, आधारचा ठसा लावून पैसे काढणं. गेल्या जूनमध्ये, म्हणजे २०२५च्या खरिपाच्या तोंडावर, त्यांचा फोन आला. “सीपीयू बदलावा म्हणायलोय. लोकं थांबायलेत आन् हे गरगर फिरायलंय. तू कम्प्युटरमधलाच हायस, सांग बरं.”

इथं एक भाषेची गंमत आहे, आणि ती नुसती गंमत नाही. आपल्याकडे गावात, शाळेत, दुरुस्तीच्या दुकानात सीपीयू म्हणजे ते अख्खं खोकं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि सीपीयू. इंजिनिअरिंगला गेलेला पोरगा पहिल्या सुट्टीत घरी येऊन सांगतो की अरे, सीपीयू म्हणजे आतली ती एवढीशी चिप, याला कॅबिनेट म्हणतात. मीही सांगितलंय. व्याख्येनं ते बरोबरच आहे. पण दादांचा प्रश्न त्यांच्या शब्दात जास्त नेमका होता. त्यांना चिपशी देणंघेणं नव्हतं. खोकं माणसांना ताटकळत ठेवतं, ते ठेवू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण हा प्रश्न ते नांदेडच्या दुकानात घेऊन गेले तेव्हा दुकानदारानं सीपीयूचा अर्थ आपल्यासारखा लावला आणि सांगितलं, आय५ काढून आय७ टाकू, तीन हजार.

यंत्र कुठल्या तरी ऑफिसातून निघालेलं, सेकंड हँड घेतलेलं. कोअर आय५ ३४७०, २०१२ची चिप, चार कोअर, चार थ्रेड, ३.२ गिगाहर्ट्‌झ, जोर लावला तर ३.६. रॅम ४ जीबी. हार्ड डिस्क जुनी, फिरणारी. दुकानदार जो आय७ ३७७० टाकतो म्हणत होता तो त्याच पिढीचा, त्याच सॉकेटचा. कोअर तेवढेच चार, थ्रेड आठ, जोर लावला तर ३.९. कॅश ६ ऐवजी ८ एमबी. या जोडीची तुलना शोधली तर मिळते, आणि तीत आय७ची पट्टी लांब असते. बहुथ्रेडच्या चाचणीत तर चांगलीच लांब. खोटं काहीच नाही.

मी रविवारी जाऊन उपयोग नव्हता, गर्दी बघायची होती, म्हणून बुधवारची सुट्टी टाकून गेलो आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन कोपऱ्यात बसलो. सतरा फॉर्म मोजले. सरासरी काढायचा मोह आवरला नाही: एका फॉर्मला साधारण बारा मिनिटं. त्यातली पाच मिनिटं कागद मागण्यात, नाव विचारण्यात आणि टाइप करण्यात. (“बँकेचं पासबुक कुठंय?” “घरी ऱ्हायलं.” हे स्टॉपवॉचमध्ये धरलेलं नाही, ते धरलं असतं तर सरासरी दीड तासावर गेली असती.) दोनेक मिनिटं स्कॅन करण्यात आणि फोटो ठरलेल्या केबीत बसवण्यात. तीनेक मिनिटं ओटीपी यायची आणि पोर्टलनं पुढचं पान द्यायची वाट बघण्यात. आणि उरलेली दोन मिनिटं खोकं गरगर फिरण्यात.

तेवढ्या दोन मिनिटांत मी टास्क मॅनेजर उघडून ठेवला होता. सीपीयू २०-३० टक्के. मेमरी काठोकाठ. डिस्क १०० टक्के, लाल. ब्राउझरचे पाचसहा टॅब, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, ठशाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर आणि विंडोज हे सगळं ४ जीबीत मावत नव्हतं. मावत नाही ते विंडोज हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. म्हणजे टॅब बदलला की डिस्कची वारी.

या वारीला किती वेळ लागतो त्याचं गणित सोपं आहे. तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धा फेरा, ४ मिलिसेकंद. त्याआधी सुईसारखा हात त्या वर्तुळावर न्यायला आणखी आठेक. मिळून साधारण १२. एवढ्या वेळात ३.२ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे जवळजवळ ४ कोटी ठोके पडतात. चार कोटी ठोके तो प्रोसेसर नुसता थांबलेला असतो, एका तुकड्यासाठी. त्याच्या जागी दुसरा बसवला की ठोके पडतील पावणेपाच कोटी. थांबायचं तेवढंच.

जीन अॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार हाच आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पोरांना सूत्र पाठ असतं: कामाचा जेवढा भाग तुम्ही वेगवान करता, फायदा तेवढ्याच भागापुरता. परीक्षेत आम्ही त्यात आकडे घालून पाच मार्क मिळवले. चुडाव्याचे आकडे घालून बघा. बारा मिनिटं म्हणजे ७२० सेकंद. त्यात प्रोसेसर खरोखर घाम गाळतो ते उदारपणे २० सेकंद धरू. ३.६चा ३.९ झाला म्हणजे आठेक टक्के वाढ, म्हणजे २० सेकंदांतला दीड सेकंद. ७२० मधून दीड. आणि समजा देवानं येऊन अनंत वेगाचा प्रोसेसर बसवला, तरी जास्तीत जास्त २० सेकंद वाचतील, तीन टक्क्यांहून कमी.

दुकानदारानं फसवलं असं मला म्हणायचं नाही. त्यानं तेच केलं जे परीक्षणं करतात. चिपची चिपशी तुलना केली.

मग पैशाचा हिशोब. २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता तेव्हा शेतकऱ्यानं एक रुपया द्यायचा आणि केंद्रचालकाला अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे. २०२५च्या खरिपात एक रुपयाची सोय गेली, पण दादांच्या डोक्यात अजून तेच नाणं आहे. त्यांनी माझ्यासमोर हिशोब केला तो असा: आय७ म्हणजे ७५ फॉर्म. २५६ जीबीची एसएसडी आणि ४ जीबी जुनी डीडीआर३ रॅम मिळून दुकानदारानं २६०० सांगितले, म्हणजे ६५ फॉर्म. नवं खोकं चोवीस हजार, सहाशे फॉर्म. कुठल्याही परीक्षणातल्या ‘प्रति डॉलर फ्रेम’ या तक्त्यापेक्षा मला हा तक्ता जास्त पटतो. त्याच्या एका बाजूला घेणाऱ्याचं काम आहे.

एसएसडी आणि रॅम टाकली. ते गरगरणं जवळपास गेलं. फॉर्मला दहा-साडेदहा मिनिटं लागतात, कारण पासबुक अजून घरीच राहतं आणि पोर्टल गर्दीच्या वेळी आपल्या चालीनं चालतं. पण खरा फरक मी मोजायला गेलो होतो त्यात नव्हताच. तो लाइट जाण्यात होता. केंद्रातली यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि दिवसात लाइट दोनतीनदा जायचीच. प्रत्येक वेळी खोकं चालू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत चार मिनिटं, आणि अर्धा भरलेला फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. एसएसडीवर तेच अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. यंत्र चालू व्हायला किती वेळ लागतो, हे प्रोसेसरच्या परीक्षणात सहसा नसतंच. प्रयोगशाळेत लाइट जात नाही. यंत्र सकाळी एकदा चालू होतं.

प्रयोगशाळेचं तापमानही असंच. खोली २०-२५ अंशांवर ठेवलेली असते, आणि प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंशांनी तापला तो आकडा देतात. शास्त्रशुद्ध आहे. परभणीचा मे महिना मध्ये घाला. खोलीच ४२ अंश असेल तर ५५ अंशांची तीच वाढ ९७ वर नेते, आणि बरेच प्रोसेसर ९५-१०० च्या आसपास स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतात. म्हणजे पट्टीवरची ती वाढीव टक्केवारी उन्हाळ्यात गावाला पोचेल याची खात्री नाही. “बनी तो बनी, नहीं तो परभणी” असं आमच्याकडे म्हणतात ते कशावरून ते माहीत नाही, पण टर्बो क्लॉकला फिट बसतं.

एवढ्यावरून कुणी असा अर्थ काढेल की प्रोसेसर बदलणं हेच थोतांड. तसं नाही. प्रोसेसर बदलण्याचा खरा, जाणता निर्णय महाराष्ट्रातच एकदा झाला आहे, आणि तो डेस्कटॉपचा नसला तरी कसं ठरवावं याचा नमुना म्हणून मला कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाचा वाटतो.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक उभी राहिली, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० दाखवला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर होते. या चिपचं वैशिष्ट्य तिच्या वेगात नव्हतं, शेजारच्या चिपशी बोलण्याच्या सोयीत होतं: चार जोडण्या चिपमध्येच घातलेल्या, म्हणून एकाला एक लावत जाळं विणता यायचं. पण आकडेमोडीत ती कमी पडू लागली. तेव्हा इंटेलचा आय८६० बाजारात होता. त्याचा कागदावरचा वेग, ४० मेगाहर्ट्‌झच्या आवृत्तीला सेकंदाला ८ कोटी दशांश आकडेमोडी, ट्रान्सप्युटरच्या कित्येक पट. त्या काळच्या पट्ट्या काढल्या असत्या तर आय८६०ची पट्टी पानाबाहेर गेली असती.

सी-डॅकनं ट्रान्सप्युटर काढून आय८६० टाकला नाही. परम ८६०० मध्ये प्रत्येक नोडला एक आय८६० आणि चार ट्रान्सप्युटर असे एकत्र ठेवले. आकडेमोड नव्यानं करायची, बोलणं जुन्यांनी सांभाळायचं. आणि वरचं परास हे प्रोग्रॅमिंगचं वातावरण दोन्हीकडे तेच ठेवलं, म्हणजे ८०००साठी लिहिलेले प्रोग्रॅम ८६००वर नेता आले. ८६००चा एक क्लस्टर ८०००च्या चार क्लस्टरांच्या तोडीचा मानला गेला. आय८६० हा तर कागदी वेग आणि खरा वेग यांतल्या दरीसाठीच पुढे बदनाम झाला. त्याचा पूर्ण वेग काढायचा तर हातानं मशीनची भाषा लिहावी लागे, कंपायलरनं काढलेल्या प्रोग्रॅमला त्याचा छोटासाच हिस्सा मिळे.

यात मला जे दिसतं ते असं. कशाची वाट बघतोय हे त्यांना माहीत होतं. आकडेमोडीची. मग तेवढीच जागा बदलली, आणि जे नीट चाललं होतं त्याला हात लावला नाही. दादांच्या खोक्यात वाट डिस्कची होती, पुण्यात गणिताची. उत्तरं उलटी आली, रीत एकच.

डेस्कटॉपवर ही रीत पाळायला एक अडचण आहे, जिच्याबद्दल परीक्षणं एखाद्या ओळीत आवरतात: चिप एकटी बदलता येतेच असं नाही. २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, पण आधीच्या १०० आणि २०० मालिकेच्या मदरबोर्डवर ती चालत नव्हती. नवा बोर्ड घ्या. उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७चा पहिला रायझन घेतलेल्या माणसाला, बोर्डाचं बायोस नवं मिळालं तर, २०२२चा ५८००एक्स३डी त्याच बोर्डावर बसवता आला. ती चिप माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली सगळ्यांत चांगली ‘अपग्रेड’ होती. ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे गेम रॅमची वाट बघत बसायचे ते कमी झालं. वेग वाढवून नव्हे, वाट कमी करून. आणि तिच्या परीक्षणांनीही बहुतेक ठिकाणी पट्टीबरोबर हा मुद्दा मांडला. जुन्या बोर्डवाल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली तेवढीच परीक्षणं मला आठवतात. बाकी वेळी परीक्षक गेल्या वर्षीच्या चिपशी तुलना करतो, आणि गेल्या वर्षीची चिप असलेला माणूस मुळात हे वाचत नसतो.

दादांचं खोकं आता चांगलं चालतंय, आणि नेमकी इथंच गोष्ट अवघड झाली.

विंडोज १०ला मोफत सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलं. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची चिप लागते आणि टीपीएम २.० लागतं. तिसऱ्या पिढीचा आय५ त्या यादीत नाही. तीन हजारांचा तो आय७ही नाही, तोही तिसराच. आडवाटेनं बसवता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी नाही, आणि ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक आणि अंगठे येतात त्यावर मी तो खेळ करणार नाही. लिनक्स म्हणाल तर मी घरी तेच वापरतो, पण दादांच्या ठशाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी एक वर्षाची मुदतवाढ आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती घेतली.

म्हणजे प्रोसेसर बदलायचा प्रश्न परत आला, पण वेगामुळे नाही. चिपला काही झालेलं नाही. फॉर्मच्या बारा मिनिटांत ती आजही २० सेकंदांपुरतीच कामाला लागते. एका यादीत तिचं नाव नाही, एवढंच. या कारणानं होणाऱ्या खरेदीला कुठली पट्टी काढणार? बेंचमार्कच्या भाषेत याला शब्दच नाही. माझ्या अंदाजानं येत्या वर्षात आपल्या खेड्यापाड्यांत जे सीपीयू बदलले जातील, त्यांतले बरेचसे याच कारणानं बदलले जातील.

दिवाळीत दादांनी परत विचारलं. चोवीस हजारांचं नवं खोकं घ्यायचं तर भाव बदललेला. २०२५च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले, कारण कारखाने एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी बनवण्यात गुंतले. जूनमधला माझा सल्ला, जूनमधली सगळी परीक्षणं, सगळ्यांचे ‘प्रति रुपया’ आकडे शिळे. म्हणून आम्ही पुन्हा ऑफिसातून निघालेल्या यंत्रांकडे वळलोय. बघतोय ते कोअर आय५ ८५००वालं खोकं: २०१८ची चिप, सहा कोअर, विंडोज ११च्या यादीत बसणारी. आमची एसएसडी त्यात घालता येईल. रॅम नाही, तिथं डीडीआर४ लागते.

या चिपची परीक्षणं मी परत काढून वाचली. २०१८ची आहेत, गेमिंगच्या पट्ट्या आहेत, शेजारी रायझन ५ २६०० आहे, आणि निकाल तेव्हाच्या भावावर दिलेला आहे. सात-आठ वर्षं कुठल्या तरी कंपनीच्या टेबलाखाली धूळ खाऊन आलेल्या त्याच चिपबद्दल आज कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही. फॅन बदलावा लागतो का, थर्मल पेस्ट वाळलेली असते का, वीजपुरवठ्याचा डबा किती दिवस टिकतो, ठशाचं यंत्र पुढच्या यूएसबीला लावलं की चालतं का, लाइट येऊन गेली की खोकं आपोआप चालू होतं का. दुकानाच्या यादीत त्या यंत्राबद्दल एकच ओळ आहे: आय५ आठवी जनरेशन, १६/५१२, सहा महिने गॅरंटी, सीपीयू ओन्ली. म्हणजे मॉनिटर नाही.

दादा म्हणाले, “सीपीयूच तर पाहिजे.” पुढच्या आठवड्यात नांदेडला जाऊन उघडून बघणार आहोत.